तीनशे पावलं जास्त

मी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. त्याला पुस्तक म्हणावं की नाही, याचीही मला खात्री नाही. अठ्ठेचाळीस पानं, मधोमध दोन टाचण्या, फिक्कट हिरवं कव्हर. नाव होतं 'अकरा सोप्या वाटा'. सुलतानपूरच्या आसपास, फार दम न लागता, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येईल अशा अकरा पायवाटांची माहिती. मी तेव्हा गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. पाचशे प्रती छापल्या. बऱ्याचशा वाटल्या, काही वाळवीनं खाल्ल्या. एकोणचाळीस वर्षांत त्या पुस्तकाबद्दल मला तीन पत्रं आली. त्यातलं एक छापखान्याचं होतं.

त्यामुळे गेल्या मार्गशीर्षात एक माणूस ते पुस्तक हातात घेऊन आमच्या ओट्यावर आला, तेव्हा मला आधी वाटलं की काहीतरी चूक सापडली असणार.

ती सापडलीच होती.

त्याचं नाव राजकुमार. देऊळगाव राजाला त्याचं कापडाचं दुकान आहे. वय चाळीसच्या पुढे, अंगानं भरलेला, बोलायला मोकळा. दर रविवारी तो वीस-पंचवीस माणसं घेऊन कुठल्यातरी टेकडीवर नाहीतर तलावावर जातो. माझं पुस्तक त्याला त्याच्या वडिलांच्या पेटीत सापडलं. त्यातल्या सहा वाटा तो चालूनही आला होता.

"काका, काय लिहिलंय हो तुम्ही! सागवानाची वाट, तो जुना बांध, सगळं जिथल्या तिथं. आम्ही हे पुन्हा छापतो. रंगीत फोटो टाकतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी हो म्हणालो असेन. मला नाही म्हणता येत नाही.

मग त्यानं एक कागद पुढे केला. नव्या आवृत्तीची प्रस्तावना त्यानंच माझ्या नावानं लिहून आणली होती, म्हणजे मला त्रास नको. शेवटी एक ओळ होती : 'पहिल्या आवृत्तीतली पावलांची मोजणी चुकीची असल्याने ती काढून टाकली असून, आता अचूक अंतरे दिली आहेत.'

"नाराज नका होऊ," राजकुमार म्हणाला. "पण पावलं लई चुकलेत, काका. ही सात नंबरची वाट बघा. तलावापर्यंत तुम्ही सहा हजार चारशे लिहिले. माझ्या मोबाइलमध्ये साडेचार हजार येतात. जवळपास दोन हजारांचा फरक! लोक हसतात. म्हणतात, लेखक वाकडातिकडा चालला असंल."

मी कागदाकडे बघत राहिलो. सही कुठे करायची तिथे त्यानं पेन्सिलनं फुली मारून ठेवली होती.

आत खाटेवर माझी बायको, अन्नपूर्णा, तूर निवडत बसली होती. सहा वर्षांपासून तिचे गुडघे गेलेत. खाट ते ओटा एवढाच तिचा प्रवास, तोही भिंत धरून. पण कान शाबूत आहेत.

"कोन चुकलं म्हन्ते ते?" तिनं आतून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"काही नाही कसं? म्या आयकलं. पावलं चुकली म्हन्ते."

राजकुमार उठून दारात गेला आणि वाकून नमस्कार केला. "काकू, चूक म्हणजे काय, त्या काळात साधनं नव्हती ना. काकांनी चालता चालता मोजलं, थोडं मागंपुढं झालं असंल."

"त्यायनं कायले मोजलं?" अन्नपूर्णा म्हणाली. "त्यायले चालताना सोताचं धोतर ध्यानात राहत नाही. म्या मोजलं."

मी धोतर कधीच नेसलो नाही. पण बाकीचं खरं होतं.

---

त्या अकरा वाटा आम्ही दोघं चाललो होतो. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट. आम्हाला मूल नव्हतं आणि रविवारी वाचनालय बंद असायचं. घरात बसलं की कोणीतरी येऊन मूल का नाही ते विचारायचं. म्हणून आम्ही भाकरी बांधून बाहेर पडायचो. मी पुढे, वही घेऊन. ती मागे, दहा-बारा हात अंतर ठेवून. गावाची शीव ओलांडली की ते अंतर कमी व्हायचं. हरभऱ्याच्या शेतांमधून, बरडावरून, सागाच्या पट्ट्यातून आम्ही शेजारी शेजारी चालायचो. फार बोलायचो असं नाही. मी झाडांची नावं विचारायचो आणि ती सांगायची. पुस्तकात माहितगार माणसासारखी लिहिलेली सगळी झाडं तिच्या तोंडून आलेली आहेत.

पावलं मोजायची रीत तिचीच. पदराच्या गाठीत ती तुरीचे दाणे घ्यायची. शंभर पावलं झाली की त्यातला एक दाणा डाव्या मुठीत. मुठीतले दाणे मोजले की अंतर कळलं. बोलताना, काटा काढताना, शेरडांना हाकलताना तिची मोजणी चुकत नसे. मुक्कामाला पोचलो की ती नुसता आकडा सांगायची, "अडतीस." मी लिहून घ्यायचो, तीन हजार आठशे.

आणि पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर मी छापलं होतं : 'सर्व अंतरे लेखकाने स्वतः पावलांनी मोजली आहेत.'

हे मी का लिहिलं? तेव्हा वाटलं, बायकोचं नाव पुस्तकात घातलं तर वाचनालयातली मंडळी हसतील. इतकंच. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

---

राजकुमार गेला तेव्हा कागद माझ्याकडेच राहिला. पुढच्या सोमवारी मजकूर छपाईला जाणार होता. मी जेवताना म्हणालो, "सही करून टाकतो. कोणाचं काय बिघडणार आहे?"

अन्नपूर्णानं हातातला घास ताटात ठेवला.

"तुमच्या नावाखाली तुमी लिहिणार, का मोजणी चुकली."

"हो."

"मंग चुकली कोनाची? माही."

"नाव माझंच आहे ना."

"ते तं हायच," ती म्हणाली. जेवण झाल्यावर तिनं सुपातले तुरीचे दाणे मोजून एका पुडीत बांधले आणि पुडी माझ्या पुस्तकावर ठेवली.

"चौसष्ट हायेत. सात नंबरच्या वाटेचे. जा अन् मोजून या. चुकले असंन तं करा सही. म्या काही म्हननार नाही."

तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की मी जिला बारीकसारीक गोष्ट समजत होतो ती तशी नव्हती. तिचे पाय आता नाहीत. जे चाललेलं होतं ते त्या आकड्यांमध्येच उरलं होतं, आणि मी त्यावर चुकीचं म्हणून सही करायला निघालो होतो.

---

शनिवारी राजकुमारला फोन केला. तो खूश झाला. सगळी टोळी आणतो म्हणाला. मी घाबरून म्हटलं, एकटेच या.

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही गावाबाहेरच्या हनुमानाच्या देवळापासून निघालो. त्याच्या हातात मोबाइल, पायात जाड तळव्यांचे बूट. माझ्या सदऱ्याच्या डाव्या खिशात पुडी. उजवा खिसा रिकामा.

वाट फारशी बदललेली नव्हती. सुरुवातीला दोन्ही बाजूंना हरभरा, बांधावर तुरीची ओळ, शेंगा भरलेल्या. मग जमीन हळूहळू वर चढते आणि पिकं मागे पडतात. बरडावर कुसळ वाळून पिवळं पडलेलं. एक तितर आमच्या पुढे पळत राहिला, उडायचा कंटाळा केल्यासारखा. मी वर बघितलं नाही. मला एकाच वेळी मोजणं आणि बघणं जमत नाही. ते तिला कसं जमत होतं, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं.

राजकुमार झपझप पुढे जायचा आणि थांबायचा. "काका, सावकाश या. घाई नाही."

"बोलू नका," मी म्हणालो. माझं मलाच आश्चर्य वाटलं. "अठ्ठावन्न. एकोणसाठ."

सागाचा पट्टा लागला. पानं मोठाली, काठांनी लाल झालेली, पायाखाली कुरकुरणारी. इथे एकदा तिच्या टाचेत बोरीचा काटा गेला होता. मी चष्मा काढून वाकलो होतो आणि ती म्हणाली होती, "इकडे तिकडे पाहा आधी, कोनी येते का." कोणी येत नव्हतं. तरी मी काटा काढताना दोनदा वळून बघितलं. आता त्या जागी मी थांबलो नाही. दाणा डावीकडून उजवीकडे टाकला.

खिंड आली. खिंड म्हणजे फार काही नाही, दोन बुटक्या टेकड्यांमधली खोगीरासारखी जागा. तिथे एक सपाट काळा दगड आहे. त्यावर बसून मी वही लिहायचो. दगडावर बसलो आणि उजव्या खिशातले दाणे तळहातावर काढले.

पस्तीस.

मी पुन्हा मोजले. पुस्तकात खिंडीपर्यंत अडतीस शतकं. हातात पस्तीस. राजकुमारच्या मोबाइलवर जेमतेम पंचवीसशे.

"म्हणजे तुमचे साडेतीन हजार झाले?" राजकुमार मोबाइल आणि माझे पाय आळीपाळीनं बघू लागला. "थांबा, थांबा. काका, जरा चालून दाखवा बरं."

मी दहा पावलं चाललो. तो माझ्या शेजारून दहा पावलं चालला. त्याची दहा संपली तेव्हा मी बराच मागे होतो.

"अरे बाप रे," तो म्हणाला. "तुमचं पाऊल लई लहान आहे. तुम्ही पूर्वीपासून असेच चालता?"

नाही. पूर्वी मी लांब टांगा टाकायचो. ती मागून म्हणायची, "आगीन लागली का कुठं?" आता शहात्तराव्या वर्षी माझं पाऊल आखूड झालं होतं. लुगड्याच्या ओच्यात, डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन, अनवाणी चालणाऱ्या बत्तीस वर्षांच्या बाईचं पाऊल जेवढं असतं, तेवढं झालं होतं. इतकी वर्षं मी तिच्या मापाला येत होतो आणि मला ते माहीत नव्हतं.

हे मी राजकुमारला सांगितलं नाही. सांगता आलं असतं असं वाटत नाही. मी एवढंच म्हणालो, "पावलं माझी नव्हती. तिची होती."

त्याला लगेच समजलं. दुकानदार आहे, मापाचं त्याला कळतं. "म्हणजे गज वेगळा होता!" तो म्हणाला. "मग चूक नाही ना काका. गज कोणाचा ते तेवढं लिहायचं राहिलं."

खिंडीतून उताराला तलाव दिसतो. मोठा नाही. एका बाजूला मातीचा बांध, दुसऱ्या बाजूला पळसाची झाडं पाण्यापर्यंत उतरलेली. टिबुकल्या, ती चिमुकली पाणपाखरं, बुडत होत्या आणि भलतीकडेच वर येत होत्या. आम्ही पोचलो आणि मी दाणे मोजले. खिंडीपासून बरोबर सव्वीस. पुस्तकात सव्वीसच.

डाव्या खिशात तीन दाणे उरले.

राजकुमारनं माझा चेहरा बघितला. "जाऊ द्या हो. सहा हजारांत तीनशे म्हणजे काय! चाळीस वर्षांनी एवढा हिशेब कोणाचा लागतो?"

पण ती तीनशे खिंडीच्या अलीकडची होती, आणि खिंडीच्या पलीकडे एकही जास्त नव्हतं. मोजणी ढिली असती तर दोन्हीकडे ढिली असती.

---

घरी आलो तेव्हा ती ओट्यावर येऊन बसली होती. मी पुडी तिच्या हातात दिली आणि तीन दाणे वेगळे ठेवले.

"एवढे उरले. खिंडीच्या आधी."

तिनं दाण्यांकडे बघितलं आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून, पोट धरून. गुडघे दुखले म्हणून थांबली.

"तुमी दगडावरच बसले असान," ती म्हणाली.

"हो. मग?"

"म्या कुठं बसायची दगडावर?"

मला आठवलं. खिंडीत पोचलो की ती म्हणायची, "मी आलीच," आणि डाव्या नाहीतर उजव्या अंगाला उतरून झाडीत जायची. मी ताबडतोब पाठ फिरवायचो आणि वहीत डोकं घालायचो. बाई माणूस झाडीत कशाला जातं हे विचारायचं नसतं, एवढी समज मला होती. ती बऱ्याच वेळानं यायची. मी मान वर न करता विचारायचो, "किती?" आणि ती आकडा सांगायची.

"तुमाले काय वाटलं?" ती म्हणाली.

मी काय वाटलं ते सांगितलं नाही. ती पुन्हा हसली.

"चाळीस वर्सं! बाप्पा! अवो, झिरा हाय तिथं. उंबराच्या बुडाशी. एवढासा खळगा, परातीएवढा. पाय टाकून बसलं का डोकशापर्यंत गार वाटे. जायाले दीडशे, याले दीडशे. म्या चालली तं मोजली. का फुकटची चालली म्या?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी तोंड फिरवून बसायचे. पयल्या दिवशी सांगाले आली व्हती. मंग म्हटलं, राहू द्या." तिनं तीन दाणे उचलून तळहातावर घोळवले. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी लिहिलं असतं. मंग तिथं समदे आले असते. घरी सासूबाई, बाहेर लोकं, रानात तुमची वही. तेवढी एक जागा माही व्हती."

मला वाईट वाटलं, पण कशाचं ते नीट कळेना. झरा हुकल्याचं म्हणावं, तर मी कुठे पाण्याचा शौकीन होतो? मी तिच्या शेजारी चालत होतो असं मी समजत होतो. दीडशे पावलांवर ती एकटी बसलेली असायची.

"आता पानी असंन का?" तिनं विचारलं. मला नाही, समोरच्या रस्त्याला विचारल्यासारखं.

---

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. सोमवार होता. राजकुमारला सांगितलं, मजकूर संध्याकाळी देतो.

खिंडीत दगडावर बसलो नाही. तिनं सांगितलेल्या बाजूला उतरलो. ती बाजू मी इथे लिहिणार नाही. करवंदीच्या जाळ्यांतून एक अंधूक वाट होती, शेरडांची असावी. एकशे सव्वीस पावलांवर उंबर दिसला. उरलेली चोवीस मी सावकाश टाकली.

खळगा होता. परातीएवढा नाही, ताटाएवढा. त्यात उंबराची पानं कुजलेली. मी हातानं ती काढली, गाळ काढला, आणि थांबलो. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, आटला. हे तिला कसं सांगायचं याची वाक्यं मी जुळवू लागलो. तेवढ्यात दगडाच्या चिरेतून पाणी ओलसरपणे वर आलं, मग नितळलं, आणि तळाची वाळू दिसायला लागली.

काठाला एक चपटा दगड होता, बसायला लावल्यासारखा. मी त्याच्यावर बसलो नाही. शेजारी मातीत बसलो.

बाटली भरायला अर्धा तास लागला.

घरी ती वाटच बघत होती. मी पेल्यात पाणी ओतून दिलं. तिनं आधी वास घेतला, मग एक घोट घेऊन तोंडात धरला.

"पलॅस्टिकचा वास मारते," ती म्हणाली.

"बाटली राजकुमारची होती, काल राहिलेली."

"तांब्या न्याले पाह्यजे व्हता." आणि तिनं पेला रिकामा केला. मग बाटलीत उरलेलं पाणी मागून घेतलं, खाटेवरून पाय खाली सोडले आणि वाकता येईना म्हणून माझ्याकडे बघितलं. मी परात आणली. पाय परातीत ठेवून ते पाणी मी तिच्या घोट्यांवर ओतलं. या वेळी कोणी येतंय का ते मी बघितलं नाही.

संध्याकाळी मी प्रस्तावनेतली शेवटची ओळ खोडली. बऱ्याच वेळा लिहून, बऱ्याच वेळा फाडून, अशी लिहिली : 'किलोमीटर राजकुमार यांनी मोजले आहेत. पावलं अन्नपूर्णाबाईंची आहेत, आणि झाडांची नावंही. पहिल्या आवृत्तीत मी ती स्वतःची म्हणून छापली होती, ते खरं नव्हतं.' तिला वाचून दाखवली. 'वय वर्षे बत्तीस, अनवाणी' हे तिनं घालायला लावलं.

राजकुमारला फोनवर सांगितलं. त्याला आवडलं. कव्हरवर दोन्ही नावं टाकतो म्हणाला. मग म्हणाला, "पण काका, सात नंबरला ती तीनशे जास्त आहेत. ती कमी करू ना? एकसष्टशे करतो."

मी दाराकडे बघितलं. खाटेवरून ती माझ्याकडेच बघत होती. फोनवरचं राजकुमारचं बोलणं तिला ऐकू जात होतं.

मला इतक्या वर्षांत कोणाला सरळ नाही म्हणता आलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "चौसष्टशेच राहू द्या."

"अहो, पण लोक विचारतील. काय सांगायचं?"

"सांगा, मोजणी बरोबर आहे."

आतून तिचा आवाज आला, "अन् म्हना, तिथं लेखकाले तोंड फिरवून बसा लागते."

"काय म्हणाल्या काकू?" राजकुमारनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.